महागाई पाव टक्का, मग माझी थाळी स्वस्त का होत नाही?

वहीवाली | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापुरात विजापूर रोडला आमची खानावळ आहे. सासूबाईंनी सुरू केली, आता मी बघते. पन्नासेक पोरं महिन्यावर जेवतात. दर २८०० रुपये, दोन वेळचं, रविवारी संध्याकाळी सुट्टी. सासूबाईंची एक सवय मी मोडू दिली नाही: रोजचा बाजार वहीत लिहायचा. तारीख, जिन्नस, वजन, भाव. अशा अकरा वह्या माळ्यावर आहेत.

परवा दोन पोरं मोबाईल घेऊनच आली. "काकू, बघा, ऑक्टोबरची महागाई ०.२५ टक्के. आकड्यांची ही मालिका सुरू झाल्यापासून इतकी कमी कधीच नव्हती. आता दर कमी करा." बातमी खरी होती. भाजीपाला वर्षात २७ टक्क्यांहून जास्त उतरलाय, असंही त्यात होतं. तेही खरंच. लक्ष्मी मंडईत टोमॅटोवाला हाका मारून मारून दमतोय.

पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. गेल्या नोव्हेंबरपेक्षा काही फार जास्त नाही.

बातमीत खाली बारीक अक्षरात होतं की 'कोअर' महागाई चार टक्क्यांच्या वर आहे. ही कोअर काय भानगड, म्हणून शोधलं, तर म्हणे खाणंपिणं आणि इंधन वगळून जी मोजतात ती. आता सांगा, खानावळवालीनं जेवण आणि गॅस वगळला तर मागं उरतं काय? भांडी?

कुणी समजेल असं सांगाल का? मी बी. कॉम. आहे, पण ते झालं त्याला वीस वर्षं.

---

काय_बे | १५ नोव्हेंबर, रात्री १०:५२

ताई, उरते आमची उधारी. तीपण वगळा की ओ एकदा.

(हलकं घ्या. वाचतोय.)

---

निवृत्त_कॅशियर | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

वहीवाली, पहिलाच धागा आणि प्रश्न मात्र मुळावर घाव घालणारा. प्रयत्न करतो.

तापमापक तोंडात ठेवायच्या आधी पेशंट गरम चहा प्याला असेल, तर पारा चढतो. नर्स काय करते? दहा मिनिटं थांबते आणि परत मोजते. चहा गरम नव्हता असं तिचं म्हणणं नसतं. तिला अंगातला ताप हवा असतो, चहाचा नको. कोअर मोजायचा उद्देश एवढाच. कांदा पावसानं चढतो, चार महिन्यांनी नवा माल आला की उतरतो. व्याजदर वाढवून कांदा लवकर पिकत नाही. म्हणून व्याजदर ठरवणाऱ्यांना असा आकडा लागतो, ज्यात पाऊसपाणी आणि अरबस्तानातली भांडणं कमीत कमी दिसतील.

ही कल्पना अमेरिकेत सत्तरच्या दशकात रुजली. १९७३ ला धान्य भडकलं, मग तेल.  'खाणं आणि ऊर्जा सोडून' महागाई बघायची ही मांडणी १९७५ ला रॉबर्ट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञानं केली, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

आपल्याकडचा पायाभूत वर्ष २०१२ चा जो ग्राहक किंमत निर्देशांक, त्यात १०० पैकी ४५.८६ वजन (म्हणजे घरखर्चातला वाटा) अन्न व पेयांचं आणि ६.८४ इंधन व प्रकाशाचं. दोन्ही काढली की उरतात ४७.३०. कपडे, घरभाडं, औषधपाणी, शिक्षण, प्रवास, पान-तंबाखू वगैरे. ऑक्टोबरचा पाव टक्का हा शंभराचा आकडा, आणि चार टक्क्यांच्या वरचा या सत्तेचाळिसाचा.

---

आकड्यांचा_वैरी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:०३

म्हणजे निम्म्याहून जास्त पाकीट बाजूला ठेवायचं आणि उरलेल्याला 'गाभा' म्हणायचं! गरिबाचा गाभा कुठला हो? २०२३-२४ च्या घरखर्चाच्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या घराचा ४७ टक्के खर्च खाण्यावर आहे, शहरात सुमारे ४० टक्के. विडी वळणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल गाभा म्हणजे ज्वारी आणि तेल.

जे चढतं ते वगळायचं आणि महागाई आटोक्यात म्हणायचं. धूळफेक आहे सगळी.

---

निवृत्त_कॅशियर | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

वैरीसाहेब, धूळफेक असती तर या महिन्यात उलटं झालं नसतं. आत्ता खाणं वगळल्यावर आकडा वाढलाय, कमी नाही झालेला. वगळण्याला ना सरकार माहीत असतं ना विरोधक.

आणि कुणी वगळून लक्ष्य ठेवलेलंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऊर्जित पटेल समितीनं २०१४ ला पूर्ण निर्देशांकच धरा असं सांगितलं, २०१६ ला कायद्यात दुरुस्ती झाली, लक्ष्य ४ टक्के, दोन्हीकडे दोनची सूट. ते पूर्ण निर्देशांकाचं आहे, कांद्याबटाट्यासकट. कोअर फक्त दिशा बघायला.

जुलै २०२३ आठवा. टोमॅटो पेट्रोलच्या पुढे गेला होता. महागाई ७.४४. रिझर्व्ह बँकेनं व्याजदर साडेसहावरच ठेवला, हलवला नाही. ऑक्टोबरला आकडा ४.८७. टोमॅटो आला तसा गेला. जुलैत घाबरून दर वाढवला असता, तर ज्यानं घराचं कर्ज काढलंय त्याच्या मानेवर टोमॅटोचा हप्ता बसला असता.

---

काय_बे | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:५८

समजलं की! टोमॅटो म्हणजे पाहुणा, आणि पगार-भाडं म्हणजे घरजावई. पाहुण्यासाठी कुणी खोली बांधत नाही.

---

आकड्यांचा_वैरी | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

पाहुणा चार वर्षं राहिला तर? २००९ ते २०१३ आठवतंय का? खाण्याची महागाई दहाच्या आसपास घिरट्या घालत होती. तोवर पगारही वाढले, रिक्षाही वाढली, न्हाव्यानंही दर वाढवले. पाहुण्यानंच घरजावई आणून बसवले.

---

निवृत्त_कॅशियर | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

हा मुद्दा मान्य. टोपी काढतो. खाणं जेवढं मोठं, तेवढं ते इतर किमतींत मुरतं. एस्वर प्रसाद आणि राहुल आनंद या अर्थशास्त्रज्ञांचं २०१० चं एक काम आहे. त्यांचं म्हणणं, ज्या देशात लोकांना उसनं काढून वेळ मारून नेता येत नाही, तिथं मध्यवर्ती बँकेनं पूर्ण निर्देशांकाकडेच बघावं. भाकरी महागली म्हणून कुणी भाकरी पुढच्या वर्षावर ढकलत नाही.

उलट बाजूही आहे. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत सुचवलं होतं की लक्ष्य अन्न वगळून ठेवण्याचा विचार करा. रिझर्व्ह बँकेनं तेव्हा हात झटकले; लोक महागाई म्हणजे खाण्याची महागाईच समजतात, असं त्यांचं उत्तर होतं. या ऑगस्टमध्ये मात्र बँकेनंच चर्चापत्र काढून हा प्रश्न पुन्हा मांडलाय.

---

मळेकरी_मोहोळ | १६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

जेवायला घरी आलो म्हणून वाचलं. पाहुणा पाहुणा काय लावलंय? तुमचा पाहुणा आमच्या घरचा माणूस आहे.

कांद्याचं निर्देशांकात वजन ०.६४. अर्धा-पाऊण टक्का. पण चढला की ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ ला उठली तर परत शुल्क, ते गेलं १ एप्रिल २०२५ ला. एवढं सगळं त्या ०.६४ साठी. आणि उतरला की? पेपरात 'महागाई नीचांकी' म्हणून पेढे.

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरच्या यार्डात आणला. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात दोन रुपयांचा चेक. देशभर गाजलं होतं. मी तेव्हा त्याच यार्डात होतो, माझी पट्टी (विक्रीचा हिशेब) त्यापेक्षा बरी म्हणजे डिझेल निघालं एवढंच. यंदा सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, अर्धा मळा वाहून गेला, उरलेला कांदा सडका निघतोय. भाव विचारू नका.

वगळायचं तर खुशाल वगळा. खरं सांगतो, व्याजदर ठरवताना कांदा वगळला तर मला आनंदच आहे. निर्यात ठरवताना पण वगळा म्हणजे झालं.

---

टॉवेलवाला | १६ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

मळेकरी, +१.

एक भर. कपडे, चादर, टॉवेल कोअरमध्ये येतात, म्हणजे 'स्थिर'. अक्कलकोट रोडला या, सुताचा भाव महिन्याला कसा नाचतो दाखवतो. पण तो नाच गिऱ्हाईकापर्यंत पोचत नाही, आम्हीच पोटात घालतो. दुकानदार वर्षाचा भाव बांधून घेतो. म्हणून आकड्यात स्थिर. बाकी चालू द्या.

---

वहीवाली | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. आज पोरांची जेवणं उरकल्यावर ती वजनांची यादी काढून बसले. एक गोष्ट डोळ्यात घुसली.

त्या ४५.८६ मध्ये 'तयार जेवण, फराळ, मिठाई' असाही एक गट आहे, वजन ५.५५. म्हणजे माझी थाळी! ती अन्नात धरली, म्हणून कोअरमधून बाहेर. अहो, माझी थाळी कधी नाचते? साडेतीन वर्षांत दर दोनदा बदललाय. दोन्ही वेळा वर. खाली एकदाही नाही. हॉटेलात फळ्यावरचा इडलीचा भाव पुसून कुणी कमी लिहिलेला पाहिलाय का? आणि दूध? दूध वाढलं की वाढलंच. तेही बाहेर.

आणि पेट्रोल? ते 'इंधन व प्रकाश' मध्ये नाहीच! तिथं गॅस, वीज, सरपण. पेट्रोल आहे प्रवासात, २.१९. म्हणजे इंधन वगळलं म्हणतात आणि पेट्रोल आतच. माझं काही चुकतंय का?

---

निवृत्त_कॅशियर | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चुकत नाहीये. बाई, तुम्ही बी. कॉम. ला वाया गेलात.

नुसता गट बघून वगळायचं आणि वागणूक बघायची नाही, यातली खरी खोट हीच. म्हणून आपल्याकडे काही जण पेट्रोल-डिझेलही काढून आकडा देतात. आणि सोनं! सोन्याचं वजन १.०८, 'वैयक्तिक निगा' या गटात साबण-पेस्टच्या शेजारी बसलंय, म्हणजे कोअरमध्ये. वर्षभरात ते निम्म्याहून जास्त महागलंय. ऑक्टोबरची कोअर चारच्या वर दिसते, त्यात या सराफकट्ट्याचा मोठा हात आहे. अंगातला ताप मोजायला गेलो आणि तोंडात चहाऐवजी सोन्याचं बिस्कीट.

तुमच्या थाळीचं दुःख इतरांनाही कळलेलं आहे. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह (तिथली मध्यवर्ती बँक) ज्या पीसीई या ग्राहकखर्चाच्या निर्देशांकाकडे बघतं, त्याच्या कोअरमध्ये २००९ पासून हॉटेलचं जेवण परत आत घेतलंय, किराणाच तेवढा बाहेर. कॅनडावाल्यांनी तर सगळं अन्न काढायचं २००१ मध्येच सोडून दिलं. त्यांच्या तेव्हाच्या मापात आठ उनाड गोष्टी बाहेर होत्या: फळं, भाज्या, पेट्रोल, घर तापवायचं तेल, नैसर्गिक वायू, गृहकर्जाचं व्याज, गावोगावचा प्रवास आणि तंबाखू. पुढं त्यांनी तेही माप बदललं.

---

सोलापूर_टू_सिडनी | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

धागा आवडला. इकडची पद्धत सांगतो, ती वहीवालींना जास्त पटेल.

ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा भर 'ट्रिम्ड मीन'वर. आधीपासून कुणालाच बाहेर काढायचं नाही. सगळ्या वस्तू वर्गातल्या पोरांसारख्या उंचीनं उभ्या करायच्या: सगळ्यात उतरलेली एका टोकाला, सगळ्यात चढलेली दुसऱ्या. मग दोन्ही टोकांचं १५-१५ टक्के वजन कापायचं आणि मधल्या ७० ची सरासरी. या वेळी कांदा कापला जाईल, पुढच्या वेळी विमानाचं तिकीट. २०२४ मध्ये इकडं सरकारनं वीजबिलात सूट दिली, हेडलाइन (सगळं धरून मोजलेली महागाई) वर्षअखेर २.४ वर आली. ट्रिम्ड मीन तीनच्या वरच. बँक म्हणाली, थांबा, हे सवलतीचं स्वस्त आहे.

ताई, वहीतले आकडे टाका की. इथंच करून बघू.

---

वहीवाली | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

घ्या. गेल्या वर्षी नोव्हेंबरात १०० रुपये खर्च धरला तर त्याची वाटणी, आणि यंदाच्या नोव्हेंबरपर्यंत प्रत्येकाचा भाव किती बदलला:

भाजीपाला १८ रुपये, ३० टक्के उतरला
डाळी १० रुपये, १५ टक्के उतरल्या
गॅस ९ रुपये, ६ टक्के उतरला
ज्वारी-गहू-तांदूळ १८ रुपये, २ टक्के वाढ
साबण, झाडू, पिशव्या ३ रुपये, ५ टक्के वाढ
दूध-दही ८ रुपये, ६ टक्के वाढ
गाळाभाडं ७ रुपये, १० टक्के वाढ
दोन मावशींचा पगार १५ रुपये, १२ टक्के वाढ
तेल १२ रुपये, १८ टक्के वाढ

शेंगदाणे तेलातच धरलेत. चटणी काय सोडता येत नाही, सोलापूर आहे.

---

सोलापूर_टू_सिडनी | १८ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

केलं.

सगळं धरून: उणे १.८ टक्के. पोरं बरोबर, खानावळीची महागाई शून्याच्या खाली आहे.

अन्न आणि गॅस वगळून, म्हणजे पगार, भाडं, साबण: १०.६ टक्के! पण हे शंभरातल्या पंचविसावर.

दोन्हीकडून १५-१५ कापून: भाजीतले १५ रुपये गेले, ३ उरले; वरून तेल सगळं आणि पगारातले ३ गेले. उरलेल्या सत्तरची सरासरी ०.३ टक्के.

मधोमध उभं कोण, हे बघितलं तर धान्य, २ टक्के. याला मीडियन म्हणतात.

---

काय_बे | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४४

एक खानावळ, चार महागाया. यातली कुठली जेवायला वाढणार बे?

---

आकड्यांचा_वैरी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

हेच म्हणत होतो. पाहिजे तो आकडा उचला.

---

पेन्शनीचा_दिवस | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

आम्हाला महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर मिळतो, आणि भाव गोळा करायच्या केंद्रांत आपलं सोलापूरही आहे. त्यात काही वगळत नाहीत, आणि वगळूही नये. भत्ता हा होऊन गेलेल्या खर्चाची भरपाई असते. मी कांदा खाल्लाय, त्याचे पैसे दिलेत, मग कोअर दाखवून मला पटवू नका. वैरी, आकडा उचलायचा नसतो, प्रश्न बघून निवडायचा असतो. 'किती गेले' याला एक, 'पुढं काय' याला दुसरा.

---

वहीवाली | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

पेन्शनीकाका, हे वाचलं आणि माळ्यावरून जुनी वही काढली.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरची पानं. तेव्हा देशभरात भाजी वर्षात ४२ टक्के चढली होती, एकूण महागाई ६.२१. माझ्या वहीत लसणापुढे दोन उद्गारचिन्हं आहेत. तेव्हा मी दर वाढवला नव्हता. का, ते सासूबाईंच्या अक्षरात समासात आहे: "भाजी उतरंल. थांब." कोअर, ट्रिम्ड काही माहीत नसताना त्या भाजी वगळूनच बघत होत्या. आणि भाजी उतरली.

पण मावशींचा पगार मार्चमध्ये वाढवला, तो काही उतरणार नाही. एक मावशी म्हणाल्याच होत्या, "ताई, लसूण चारशे झाला तवा मागितलं नाही, आता द्या." म्हणजे वैरीदादांचंही खरं. माझ्याकडे गेल्या वर्षीचा लसूण या वर्षी पगार होऊन आलाय.

तेलाचं मात्र कळत नाही. ते पाहुणा की घरजावई?

---

टॉवेलवाला | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

तेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यावर कर सरकार ठरवतं. पाहुणाच, पण ट्रंक घेऊन आलेला.

---

निवृत्त_कॅशियर | ६ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय. काल रिझर्व्ह बँकेनं रेपो (बँकांना उसनं देण्याचा व्याजदर) पाव टक्क्यानं उतरवून ५.२५ केला. गव्हर्नर मल्होत्रा म्हणाले की महागाईचा मूळ दाब दिसतोय त्यापेक्षाही कमी आहे, कारण मौल्यवान धातूंच्या भाववाढीचाच वाटा सुमारे अर्धा टक्का आहे. म्हणजे त्यांनीही सोन्याचं बिस्कीट तोंडातून काढूनच ताप बघितला. मला हे पटलं. पण उद्या सोनं उतरून आकडा खाली आला, तेव्हाही ते असंच काढून दाखवतात का, ते बघायचं.

वहीवाली, दराचं काय ठरलं?

---

मळेकरी_मोहोळ | ६ डिसेंबर, रात्री ८:००

आमचा लाल कांदा यार्डात सुरू झालाय. दरांचं आम्हाला पण सांगा, ताईंच्या.

---

वहीवाली | ६ डिसेंबर, रात्री ११:४५

डिसेंबरपासून २८०० चे २९०० केले. १०.६ पकडले असते तर तीन हजारांच्या पुढं गेले असते, उणे १.८ पकडले असते तर मावशींना काय सांगू? भाजीतून जे सुटतंय ते सुटू दे, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर कुठं जाईल माहीत नाही. पगार आणि भाडं जेवढं पक्कं वाढलंय तेवढंच पोरांवर टाकलं, शंभराला अडीच रुपये. वरचे उरलेले रुपये पोरांनी राउंड फिगर म्हणून चालवून घेतले.

ते मोबाईलवालं पोरगं आजही म्हणालं, "काकू, बातमीत तर पाव टक्का होतं." काही बोलले नाही. त्याच्या ताटात कांदा जास्त वाढला.

मळेकरी, दोन पोती लागतील. यार्डात नको, गाडी इकडंच वळवा.